वाडा नव्हे, छपरी

मी एक छपरी बोलतेय. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण कागदावर काही दिवस मी वाडा होते.

नंदुरबारात पिंजारी मोहल्ल्याच्या टोकाला, इद्रिस पिंजाऱ्याच्या घरामागे मी उभी आहे. माझ्या खांबांना जन्म सातपुड्यानं दिला, कौलांना कुंभाराच्या भट्टीनं. पण मी स्वतः त्याआधीच जन्मले होते. लाकूड नव्हतं, कौलं नव्हती, तेव्हासुद्धा मी होते. ते कसं, हेच सांगायचं आहे. इतकी वर्षं झाली तरी मला स्वतःलाच त्याचं नवल वाटतं.

इद्रिसचं घर म्हणजे एकच खोली. तिथेच चूल, तिथेच बिछाना आणि तिथेच त्याची धुनकी. धुनकी म्हणजे कापूस पिंजायचं पुरुषभर लांबीचं धनुष्य. आढ्याला टांगायचं, त्याची तात, म्हणजे ताणलेली दोरी, कापसात धरायची आणि लाकडी मुठीनं तिच्यावर ठोका द्यायचा. टंव्, टंव्! कापूस असा फुलून उठायचा की खोलीत ढग उतरल्यासारखं वाटे. तो ढग रजयांत भरला जाई, आणि उरलेला त्याच्या बायकोच्या, अख्तरबानोच्या छातीत जाई. थंडी आली की रजयांचं काम वाढायचं आणि तिचा खोकलाही. शेवटी हकिमांनी सांगितलं, "या हिवाळ्यात घरातून कापूस तरी बाहेर काढ, नाहीतर बायकोला तरी."

अख्तरबानोचं माहेर खापरला. तिचा भाऊ शौकत लाकडाची गाडी हाकायचा. धुनकीसाठी घरामागे छपरी घालायची आहे, असा बहिणीचा निरोप मिळाला तसा तो धडगावकडचं सागवान बैलगाडीत भरून, तापी ओलांडून आला. प्रत्येक खांबावर जंगल खात्याच्या हातोड्याची खूण होती. पण गाडीतून लाकूड उतरवायच्या आधीच त्यानं बजावलं, "छपरी बनती तो ये लकडी यहीं रहेगी. नहीं बनी, तो लकडी के बदले मेरी बहन गाडी में बैठेगी."

इद्रिस लगेच उठला. त्यानं चुन्याची फक्की आणली.

नवरा-बायकोनं धुनकी जमिनीवर आडवी ठेवली. तिच्या लांबीवरून रुंदी ठरली, इद्रिसच्या हातांच्या फेकीवरून लांबी. अख्तरबानो पदराचं टोक नाकाशी धरून सांगत होती, "दरवाजा उधर नहीं जी, हवा इधर से आती." त्यानं चुन्याची रेघ ओढली, दारासाठी थोडी जागा मोकळी सोडली, आणि मी जन्मले. चार पांढऱ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये एक तोंड, एवढीच मी.

दुसऱ्या दिवशी एक अजब गोष्ट घडली. अख्तरबानो कपडे वाळत घालायला निघाली, आणि माझ्या भिंतीपाशी येऊन थांबली. भिंत नव्हतीच तिथे! तरी ती वळसा घालून गेली. इद्रिस आला, तोही दारातून आत आला आणि दारातूनच बाहेर गेला. फक्त मागे बांधलेल्या शेळीला हे मान्य नव्हतं. माणसं मात्र नसलेल्या भिंतीला मान देत होती. अशी माणसं जमिनीवर आहेत हे त्या दिवशी कळलं, आणि त्यांच्या हातून आपण उभं राहावं असं मला फार वाटू लागलं.

परवानगी काढायला इद्रिस नगरपालिकेत गेला. तिथले नवे ओव्हरसियर साहेब पुण्याकडचे. इद्रिसला लिहिता येत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच अर्ज लिहून दिला. इद्रिस म्हणाला, "साहेब, मन्हा वाडामा छपरी बांधनी शे."

'वाडामा' म्हणजे वाड्यात, आणि आमच्याकडे घरामागच्या मोकळ्या, कुंपण घातलेल्या जागेला वाडा म्हणतात. तिथे गुरं बांधतात, गोवऱ्या रचतात. पुण्याकडच्या साहेबांच्या कानांना वाडा म्हणजे चौक, दिंडी आणि दुमजली लाकडी सज्जा. त्यांनी लिहिलं, "वाडा व छपरी बांधणे आहे." कुणाची हरकत असेल तर कळवावी, म्हणून तसा कागद पालिकेच्या दारावर लागलाही.

ही बातमी बाजारातून इद्रिसच्या शेजाऱ्याच्या, दोधूआप्पा पाटलांच्या कानावर आली. पानवाला म्हणाला, "ऐकं का आप्पा, पिंजारी वाडा बांधी ऱ्हायना! आते तुमना घरमा उजेड दुपारले येई."

आप्पा धोतर सावरत तडक आले. "इद्रिस! बाहेर ये! पिंजता पिंजता वाडा बांधाले निंघना का रे तू?"

ओरडत आले खरे, पण रेघेपाशी येताच त्यांचे पाय थबकले. ते बाजूनं गेले, मोकळ्या जागेतून आत शिरले आणि मग मधोमध उभं राहून पुन्हा ओरडू लागले. खोकत खोकत का होईना, अख्तरबानोला हसू आवरेना.

"हसस काय वं?"

"आप्पा, दारमाईन उनात, मंग आते बसा तरी."

"दार? कोठे शे दार?"

"तुम्ही ज्यामाईन उनात ते."

आप्पांनी मागे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं. भांडायला आलेला माणूस दारातून आला होता! त्यांचा आवाज निम्म्यावर आला. "मंग वाडा कोठे बांधी ऱ्हायना?"

"वाडा बांधाले कसाले लागस, आप्पा?" इद्रिस म्हणाला. "हाऊ काय शे मंग? शेळी बांधेल शे तो! मी साहेबले सांगं वाडामा छपरी, साहेबनी लिखं वाडा आणि छपरी."

आप्पा इतके हसले की शेळी बिचकली. "अरे, त्या साहेबना गावले वाडामा सरदार ऱ्हातस! आपला वाडामा शेळी ऱ्हास!"

तेवढ्यात खुद्द साहेबच मोजणीची साखळी घेऊन आले. "पिंजारी, वाड्याची जागा कुठली?"

"साहेब, ज्यामा तुम्ही उभा शेतस तोच वाडा," आप्पा म्हणाले. "बांधेलच शे."

साहेबांना उलगडायला थोडा वेळ लागला. मग तेही हसले, टाक काढून त्यांनी तिथल्या तिथे "वाडा व" एवढं खोडलं, आणि मी पुन्हा छपरी झाले. मला जराही वाईट वाटलं नाही.

पण मोजणी झाली आणि साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी नियम सांगितले. वर गवत चालणार नाही, कौलंच हवीत. खाली कापूस, वर गवत आणि बाजूला चुली, एक ठिणगी पडली तर मोहल्ला जाईल. आणि माझी एक रेघ आप्पांच्या भिंतीलाच लागून होती; शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून बांधता येणार नाही. मातीची भिंत दरवर्षी लिंपावी लागते, तिथे माणूस उभा राहील एवढी वाट सोडलीच पाहिजे.

मी थक्क होऊन ऐकत होते. जी आग लागलेलीच नाही तिची काळजी! जी भिंत पुढच्या वर्षी उखडणार आहे, तिला लिंपणाऱ्या हातासाठी आजच राखून ठेवलेली जागा! कुणीतरी कधीतरी बसून, न पाहिलेल्या माणसांसाठी एवढा विचार केला होता.

पण त्याच विचारानं मी अरुंद झाले. साहेबांनी नवी रेघ ओढली. इद्रिसनं धुनकी आडवी ठेवून पाहिली. तिचं टोक रेघेबाहेर गेलं. त्यानं ती तिरपी करून पाहिली, पुन्हा सरळ केली. टोक बाहेरच.

"काही इलाज?" त्यानं विचारलं.

"शेजाऱ्यानं स्वतः मान्यता दिली तर," साहेब म्हणाले. "मी त्यांना सांगू शकत नाही. भिंत त्यांची आहे."

कुणीच दोधूआप्पांकडे पाहिलं नाही. मागायचं कसं? इतके दिवस लाकूड न उतरवता थांबलेल्या शौकतनं गाडीकडे जाऊन बैल जुंपायला घेतले. अख्तरबानो आत गेली आणि बोचकं घेऊन दारात आली. तिला खोकल्याची उबळ आली. बोचकं खाली ठेवून, चौकट धरून ती वाकली, आणि कितीतरी वेळ तिला सरळ होता येईना. 

आप्पांनी घसा खाकरला. "इद्रिस, पानी मन्हाकडे नको पाडू. उतार तुन्हाकडे कर."

इद्रिसला आधी कळलंच नाही.

"आणि मन्ही भितनी छपरीकडनी बाजू दरसाल कोन लिंपी?"

"मी लिंपसू, आप्पा," चौकट धरूनच अख्तरबानो म्हणाली.

"मंग मन्ही भितवर तुळई टेकाड," आप्पा म्हणाले, आणि साहेबांच्या कागदावर मोडीत सही करून, दारातूनच बाहेर गेले.

शौकतनं लाकूड उतरवलं. बोचकं आत गेलं. दिवाळीनंतर मी उभी राहिले, आणि पहिल्या दिवशी धुनकी माझ्या आढ्याला टांगली तेव्हा तिचं टोक आप्पांच्या भिंतीपासून बोटभर आत राहिलं. टंव्! माझ्यातला ढग माझ्यातच राहिला. घरात अख्तरबानो भाकरी थापत होती, आणि पुष्कळ वेळ तिच्याकडून भाकरीच्या थपथपीखेरीज काहीच ऐकू आलं नाही.

आता त्या गोष्टीला काळ लोटला. स्टेशनाकडे पिंजणाचं यंत्र आलंय. इद्रिसचे खांदे दुखतात, धुनकी क्वचितच वाजते. माझी चार कौलं फुटलीत. दोधूआप्पा गेले; त्यांची भिंत मात्र दरवर्षी माझ्या बाजूनं लिंपलेली असते. मला उतरवून टाकावं असं कुणी कधी ठरवलं तर माझी हरकत नाही. फक्त त्यांनी आधी शेजाऱ्याला विचारावं. इतकी वर्षं त्याच्या भिंतीवर मी टेकून आहे, न सांगता निघून जाणं मला शोभणार नाही.

माझ्या वाशांत अजून कापूस अडकलेला आहे. कितीही झाडलं तरी तो निघत नाही. वारा आला की एखादं पुंबडं तरंगत खाली येतं. अख्तरबानो, जिचे केस आता त्याच रंगाचे झालेत, ते तळहातावर झेलते आणि जोरानं फुंकर मारून वर उडवते. तेवढा श्वास तिच्यापाशी आहे.