स्टेजच्या टाइलमधलं भोक

चर्चच्या पॅरिश हॉलच्या स्टेजवर नव्या टाइल्स बसून जेमतेम पंधरा दिवस झाले होते, आणि त्यांची राखण युजीनकडे होती. वालीवच्या एका कारखान्यात तीस वर्षं ड्रिल मशीन चालवून तो निवृत्त झाला होता आणि आता हॉल सांभाळत होता. कोणी चपला घालून स्टेजवर चढलं, की तो मागून फडकं घेऊन जायचा.

त्या रविवारी मुंबईहून पंचेचाळीस वादकांचा ऑर्केस्ट्रा आला. एकोणिसाव्या शतकातलं युरोपी संगीत वाजणार होतं, आणि त्यात मुख्य चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं थोरलं व्हायोलिन, जवळच्याच होळी वस्तीतल्या स्टेफीकडे होता. ती एकोणीस वर्षांची. तालमीआधी तिने चेलोच्या बुडाचा टोकदार दांडा बाहेर ओढला, तसा युजीन पुढे आला.

"हे टोक टेकवायचं कुठे?"

"जमिनीवर, अंकल. थोडं रुतावं लागतं."

"या जमिनीत काही रुतणार नाही."

तिने टोकाला रबराचं बूच लावलं. युजीनने खाली घालायला एक पायपुसणं आणून दिलं.

संध्याकाळी हॉल भरला. पहिल्या भागाच्या पाचव्या मिनिटालाच पायपुसण्यासकट चेलो पुढे सरकू लागला. स्टेफी वाजवता वाजवता त्याला गुडघ्यांनी मागे ओढत होती. युजीन विंगेतून बघत होता. भाग संपला तेव्हा ती खुर्चीच्या अगदी कडेला आली होती आणि चेलोचं टोक कंडक्टरच्या बुटापाशी पोचलं होतं.

कंडक्टरने पुढच्या भागासाठी हात उचलला. तेवढ्यात युजीन ड्रिल मशीन आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन स्टेजवर आला.

"दोन मिनिटं," तो म्हणाला.

कंडक्टरने हात खाली घेतला. व्हायोलिनवाल्या एका बाईंनी वायर जाऊ द्यायला पाय उचलून धरला. बिट घसरू नये म्हणून युजीनने टाइलवर चिकटपट्टी लावली आणि सावकाश भोक पाडलं. फुंकर मारली. फडक्याने पुसून घेतलं.

"बसव आता."

तिने रबराचं बूच काढलं. टोक बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत, असं पत्रकावर स्पष्ट छापलं होतं.

दुसरा भाग संथ होता. मध्येच उतरून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून युजीन मशीन मांडीवर घेऊन स्टेजच्या पायरीवरच बसला. चेलोचा खालचा सूर लागला की तो पायरीतून त्याच्या अंगात चढायचा. दुपारी आपण नीट जेवलो नाही, असं त्याला वाटलं. घरी जाऊन त्याने दोन पाव जास्त खाल्ले, पण अंगातला तो सूर काही गेला नाही.

सोमवारी हॉल समितीचे सेक्रेटरी लेस्टर त्या भोकाकडे बघत उभे राहिले.

"कोणाला विचारून पाडलंस?"

"विचारायला वेळ नव्हता. पुढचा भाग सुरू होणार होता."

लेस्टरनी लेखी खुलासा मागितला. युजीनने तो तिथेच उभ्या उभ्या लिहून दिला: भोक मी पाडलं आहे. टाइल तडकलेली नाही. मुलगी चांगली वाजवते.