पडद्याचा दोष

गिऱ्हाईक थापा मारतं, यंत्र मारत नाही, हे मी पंचवीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसून शिकले. कीबोर्डवर चहा सांडलेला असतो आणि सांगतात, "आपोआपच बंद पडला हो." म्हणून कुणी काय सांगतं याकडे मी अर्धाच कान देते. दादाच्या बाबतीतही अर्धाच दिला, आणि त्याची चुटपुट मला जन्मभर पुरेल.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सिटी बसचा ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी माणसं झोपा काढतात, हा कॉम्प्युटरला स्टिअरिंग जोडून बसचा गेम खेळतो. तिथेही थांब्यावर थांबतो, दारं उघडतो, वेळापत्रक पाळतो. "मला सवत आहे आणि तिला सहा चाकं आहेत," असं वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

एके दिवशी दुकानात त्याचा फोन आला. "इंजिनीअरबाई, गेमचं ग्राफिक्स बिघडलंय. रस्त्यावरची पांढरी रेघ मधेच वाकडी होते. दिव्याचे खांबसुद्धा पोक काढून उभे आहेत."

"ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना झाला असेल."

"ड्रायव्हर जुना झालाच आहे. चोपन्न पूर्ण."

"तो नव्हे रे, त्याला कोण बदलणार. कॉम्प्युटरमधलं चित्र काढणारं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो नवा टाक."

फोनवर एकेक बटण सांगत मी तो टाकून घेतला. दोन दिवस बरं वाटतंय म्हणाला. मग पुन्हा फोन. मी सावल्या बंद करायला लावल्या, बारीकसारीक तपशील कमी करायला लावले, कार्ड तापतंय का बघायला लावलं, अख्खा गेम काढून परत घालायला लावला. प्रत्येक वेळी दोन दिवस स्वारी खूश, तिसऱ्या दिवशी रेघ वाकडी. पुढे पुढे मधोमध एक करडा डागही आला.

मग मी त्याला स्क्रीनशॉट काढून पाठवायला सांगितला. आमच्या धंद्यातली ही हुकमी परीक्षा. चित्र कार्डातच बिघडत असेल तर बिघाड स्क्रीनशॉटमध्ये उतरतो. स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर कार्ड निर्दोष, दोष त्याच्या पुढे, म्हणजे वायरीत नाहीतर पडद्यात. दादानं पाठवलेलं चित्र मी मोठं करून पाहिलं. रेघ सुतासारखी सरळ.

"चित्र चांगलं आहे," मी फोन करून सांगितलं. "पडदा गेलाय."

"अगं, पण मला या चित्रातही डाग दिसतोय. मोबाइलवर बघतोय."

दुकानात चार माणसं खोळंबली होती. माझं डोकं फिरलं. "दादा, जे नाहीच ते दिसेल कसं? नुसता शंकासुर आहेस तू. पडद्याचाच दोष आहे, मी सांगते ना. दुसरा पाठवते."

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर पडदाच." त्याचा आवाज एकदम हलका झाला. मला वाटलं, बहिणीच्या हुशारीवर खूश झाला.

पडदा बदलला. वायर बदलली. तरी तक्रार तीच. पहिला फोन येऊन अडीच महिने झाले होते, तेव्हा एका रविवारी सकाळी तिसरा पडदा स्कूटरला बांधून मी स्वतःच त्याच्या घरी गेले. चांगलीच तणतणत गेले. पडदा जोडला, गेम चालू केला, त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. बस डेपोतून निघाली. चित्र इतकं सुरेख होतं की दुकानात शोभेला ठेवावं.

"बघ," दादा म्हणाला, "वाकली रेघ."

मला ती सरळच दिसत होती. मी बस थांबवायला सांगितली. "डाग कुठे आहे? बोट ठेव."

त्यानं मधोमध बोट ठेवलं.

"आता वरच्या कोपऱ्यात बघ. तिथल्या पाटीकडे. आता डाग कुठे आहे?"

त्यानं पाटीवर बोट ठेवलं.

पडद्यावरचा डाग जागचा हलत नाही. एवढं आमच्याकडे नवं काम शिकायला आलेल्यालाही कळतं. हा डाग दादा नेईल तिथे जात होता. मी त्याला एक डोळा झाकायला सांगितला, मग दुसरा. उजवा झाकल्यावर तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ बघत राहिला.

"किती वाजलेत?" मी विचारलं.

त्यानं उजव्या डोळ्यावरचा हात काढला. चहाचे कप घेऊन आलेली वहिनी दारातच थांबली. "वन्सं, काय झालं यांना?" तिनं विचारलं. मी गेम बंद केला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी औषध घालून, यंत्रातून बघून सांगितलं, "पडद्याचा दोष आहे." तोच शब्द. डोळ्याच्या आत, मागे जो पडदा असतो, त्याच्याखाली बारीक रक्तवाहिन्या गळत होत्या. डाव्याच्या मधोमध व्रण पडला होता, तिथली नजर आता परत येणार नव्हती. उजव्यात सुरुवात होती, इंजेक्शनांनी तो बहुधा राखता येईल म्हणाल्या. "रेघ पहिल्यांदा वाकडी दिसली तेव्हाच यायला हवं होतं. डावाही कदाचित वाचला असता."

"आणि बस?" दादानं विचारलं.

त्यांनी मान हलवली. "बस आता नाही."

उजव्या डोळ्यात पहिलं इंजेक्शन देऊन त्यावर पट्टी लावली, मग बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. वहिनी औषधं आणायला गेली होती. मला रडू आवरेना. स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर दोष पुढे, असं शिकवत आले मी जगाला, आणि पडद्याच्या पुढे बसलेला माणूस मी मोजलाच नाही. त्यानं तोंडानं सांगितलं होतं, तरी नाही.

"अडीच महिने मी तुला अडकवून ठेवलं," मी म्हटलं.

"खुळी आहेस. खऱ्या रस्त्यावरची रेघसुद्धा वाकायला लागली होती. त्याच दिवशी मी कंबर धरल्याची थाप मारली आणि डेपोतलं काम मागून घेतलं. पाच आठवडे फक्त खिडकीत बसून फेऱ्या लिहितोय. तुझ्या वहिनीलाही सांगितलं नाही."

"मग मला का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू इथे आणलं असतंस. तू फोनवर म्हणायचीस, यंत्राचाच दोष आहे. इतकं छातीठोकपणे म्हणायचीस की त्या दिवशी मला जेवण जायचं. म्हणून तर सारखा फोन करायचो."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्या कानाच्या पलीकडे, भिंतीकडे बघत होता. मला वाटलं, त्याला माझं तोंड बघायची इच्छा नाही.

"दादा, माझ्याकडे बघ ना."

"तुझ्याकडेच बघतोय," तो म्हणाला. "सरळ बघितलं तर तू दिसत नाहीस."