टपावर नाडीने बांधलेली शिडी

“बाबा, तुमचा हात सुटला तर काय होईल?”

भिंगरीने हा प्रश्न विचारला तेव्हा तिचे बाबा भर रस्त्यात एका हाताने गाडी चालवत होते. दुसरा हात खिडकीतून बाहेर काढून त्यांनी टपावर मला धरून ठेवलं होतं. प्रश्न खरं तर तिच्या मैत्रिणींचा. शाळेच्या फाटकात उभ्या राहून त्या आमची वरात रोज बघायच्या आणि हसून हसून वाकायच्या. “तुझे बाबा शिडीला हात धरून फिरायला नेतात का गं?” एकीने चिडवलं. दुसरी म्हणाली, “सगळ्या शाळेपुढे भाषण ठोकलंस ना परवा? एवढी धीट असशील तर विचार त्यांना, हात सुटला तर काय?”

भिंगरीने विचारलं. बाबा ऐटीत म्हणाले, “सुटतच नाही, तर होईल काय?”

मित्रांनो, मला तेव्हा अशी काही शिसारी आली की टपावरून खाली उतरून पायी घरी जावंसं वाटलं. पण मी पडले शिडी. मी एक जुनी, अ‍ॅल्युमिनियमची, दोन भागांची शिडी आहे. माझा वरचा भाग खालच्या भागावरून सरकतो. हवा तेवढा सरकवला की मी उंच होते, परत खाली आणला की आखूड. रंगाऱ्याच्या घरात माझ्यासारखी वस्तू म्हणजे उजवा हात. तरीही माझी काय दशा झाली ते ऐका. नाकाला रुमाल लावून ऐका.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी आरशासारखी लखलखत होते. माझी प्रत्येक पायरी ठोकून, वाकवून, तपासून घेतली होती. दुकानात भिंगरीचे बाबा आले, त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “हीच.” सुरुवातीला रोज संध्याकाळी ते मला ओल्या फडक्याने पुसत. रंगाचा एक थेंब राहू देत नसत. एका मोठ्या बंगल्यातल्या आजीबाई मला बघून म्हणाल्या होत्या, “शिडी इतकी स्वच्छ, म्हणजे माणूस कामाला चोख असणार.” मी किती फुगले होते म्हणून सांगू! मी किती छतं पाहिली, किती जळमटं तोंडावर घेतली, किती जिने चढले. त्याची कधी तक्रार केली नाही. कामाची घाण ही घाण नसते.

पण आळसाची घाण? शी!

आधी पुसणं थांबलं. मग रंगाचे ओघळ माझ्यावरच वाळायला लागले. पिवळ्यावर हिरवा, हिरव्यावर चॉकलेटी, जणू सगळ्या गावाने माझ्यावर पान खाऊन पिंक टाकली होती. तेही मी गिळलं. मला खरी ओकारी आली ती बांधायच्या सामानाची. टपावरच्या कॅरियरला मला अडकवायचे ते दोन रबरी दोर. दोर कसले, मेलेली गांडुळंच. ताणून ताणून सैल झालेली, टोकाला गंजके आकडे आणि अंगभर मेणचट काळा थर. गाडी खड्ड्यात गेली की ते ताणले जायचे आणि मी टपावर उड्या मारायचे. शिवाय ते आखूड. माझ्या दोन्ही भागांवरून पोचतच नसत. म्हणून बाबा ते फक्त खालच्या भागाच्या पायरीत अडकवायचे. मग वरच्या भागाचं काय? त्याला खालच्या भागाशी बांधलं होतं एका नाडीने. होय मित्रांनो, नाडीने! जुन्या पायजम्याच्या! ती कधी धुतली नव्हती. तिला पायजम्याचा वास होता, टर्पेंटाइनचा वास होता, आणि पावसात भिजून वाळल्यावर तिसराच एक वास होता, त्याचं नाव मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

माझं मागचं टोक गाडीच्या बाहेर यायचं. मागच्यांना दिसावं म्हणून तिथे लाल फडकं लावतात. आमच्याकडे लावलेलं फडकं कधीकाळी लाल होतं म्हणे. पण त्याला ब्रश पुसले जायचे, हात पुसले जायचे, आणि सर्दी झाली की नाकसुद्धा. ते आता शेणाच्या रंगाचं झालं होतं आणि पापडासारखं कडक.

या सगळ्या सोहळ्यावर भरवसा कुणाचा? तर बाबांच्या त्या एका हाताचा.

भिंगरीची आई दारंखिडक्यांना पॉलिश करायची. गाडीत डबे, बादल्या आणि चादरी खच्चून भरलेल्या असायच्या, म्हणून ती स्कूटरवरून आमच्या मागून यायची. एका सुट्टीच्या दिवशी भिंगरीही सोबत निघाली. ती पुढे बसली, मांडीवर पुट्टीची बादली. चढावर सिग्नल लागला. आई आमच्या अगदी मागे येऊन थांबली. सिग्नल सुटला आणि बाबांनी गाडी झटक्यात पुढे काढली.

नाडी तुटली.

बाबांनी हात सोडला नाही. घट्ट धरून ठेवला होता, माझ्या खालच्या भागाला. वरचा भाग मात्र घसरगुंडीवरून पोर सुटावं तसा मागे निघाला. मला थांबायचं होतं हो! पण धरायला माझ्याकडे काय आहे? मी धाडकन रस्त्यावर आदळले, आईच्या चाकापुढे. तिने ब्रेक दाबला, स्कूटर आडवी झाली आणि आई रस्त्यावरून घसरत माझ्या टोकापाशी येऊन थांबली. माझं टोक तिच्या हेल्मेटच्या काचेला टेकलं होतं. काच नसती तर, मित्रांनो, मी आज तुमच्याशी बोलले नसते. माझी कायमची वाचा बसली असती.

“आई!” भिंगरी बादली टाकून धावली. पुट्टी रस्त्यावर पसरली. आईचं कोपर सोलवटलं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. ती उठून बसली आणि पहिलं काय म्हणाली असेल? “अहो, शिडी वाकली का बघा.”

बाबा पांढरेफटक पडले होते. “मी हात सोडलाच नव्हता,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “देवाशप्पथ, सोडलाच नव्हता!”

आणि मग त्यांनी जे केलं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. नाडीचा तुकडा गटाराच्या कडेला पडला होता. त्यांनी तो उचलला. त्यातून काळं पाणी ठिबकत होतं. ते त्यांनी झटकलं, तुटलेल्या टोकांना गाठ मारली आणि म्हणाले, “एक गाठ मारली की झालं. चला.”

ती बुळबुळीत नाडी पुन्हा माझ्या पायरीभोवती फिरली. भिंगरीने तोंड असं केलं, जणू ती तिच्याच गळ्यात पडली होती.  आईला तिने रिक्षात बसवलं आणि घरी येईपर्यंत तिचा हात सोडला नाही.

घरी जखम धुताना आई सहज म्हणाली, “अहो, कॅरियरबरोबर ते पट्टे आले होते ना, बकलवाले? कपाटात तसेच पडलेत.”

“ते नवे आहेत,” बाबा म्हणाले. “रोज वापरले तर रंग लागून खराब नाही का होणार?”

भिंगरीने आईच्या कोपराकडे बघितलं. मग बाबांकडे. “बाबा, पट्टे खराब होतील म्हणून?”

बाबांनी आईकडे बघितलं. आईने मान खाली घालून पुन्हा जखम धुवायला घेतली, कारण चांगल्या चादरींखाली ते पट्टे जपून ठेवले होते तिनेच.

भिंगरीने कपाट उघडलं. पट्ट्यांची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. पिशवीवर पट्टे कसे बांधायचे त्याची चित्रं होती, ती बघत ती अंगणात आली. नाडी तिने दोन बोटांच्या चिमटीत धरून कचऱ्यात टाकली, तिच्यामागून रबरी दोर, त्यांच्यामागून ते फडकं. पहिल्या पट्ट्याने तिने माझे दोन्ही भाग एकमेकांना आवळले. मग कॅरियरच्या पुढच्या दांडीला एक आणि मागच्या दांडीला एक पट्टा, माझ्या दोन्ही बाजूंना वेढा देऊन. बकल ओढलं. सुटं टोक वाऱ्यावर फडफडू नये म्हणून खोचलं. शेवटी लखलखीत लाल नवं कापड. मग तिने मला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. गाडी हलली. मी हलले नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना लाड नकोत. आम्हाला नीट पुसा, नीट बांधा, एवढंच. जी चीज जीव सांभाळायला केलेली आहे ती कपाटात सांभाळत बसू नका. आणि रस्त्यावर कुणाचा हात खिडकीतून टपाकडे गेलेला दिसला, तर तुमच्या आईला त्या गाडीच्या मागून काढा.

आईबाबा दारात उभे होते. भिंगरीने बाबांच्या हातातून गाडीची किल्ली घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

“दोघंही ऐका,” ती म्हणाली. “आजपासून शिडी मी बांधणार. शाळेला उशीर झाला तरी चालेल. मी हलवून बघितल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. आणि आई, तू यांच्या मागून कधीच जायचं नाहीस. तू पुढे जायचं. बाबा, तुम्ही तिच्या मागून या, दोन्ही हातांनी गाडी चालवत.”