कोहळ्याचं प्रायश्चित्त

एकसष्टच्या कार्तिकात हरिहरशास्त्र्यांच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कूष्मांड नवमीला अमरावतीतल्या यजमानांनी त्यांना हौसेनं कोहळे दान दिले होते. देवघरात कोहळे, पलंगाखाली कोहळे. माळ्यावरून काढून पुसून ठेवलेल्या पाळण्यातसुद्धा दोन कोहळे शेजारी शेजारी निजले होते, कारण पाळण्याचं खरं गिऱ्हाईक अजून यायचं होतं. शास्त्र्यांची बायको बाळंतपणाला अचलपूरला माहेरी गेली होती आणि घर शास्त्र्यांच्या थोरल्या विधवा बहिणीच्या, पार्बताआत्याच्या ताब्यात होतं.

कोहळ्यांमुळे सगळे वैतागले होते. खूश होती ती एकटी शास्त्र्यांची पंधरा वर्षांची लेक प्रमोदिनी. तिला ते कोहळे दिसतच नव्हते. तिला चेंडू दिसत होते.

त्याचं असं झालं होतं. व्यायामशाळेच्या तलावावर सूर्यभान मास्तरांनी मुलींचा वॉटर पोलोचा संघ बांधला होता. सात मुली इकडे, सात तिकडे, खाली पुरुषभर खोल पाणी. तळाला पाय टेकायचा नाही, काठ धरायचा नाही, चेंडू एकाच हातानं झेलायचा आणि एकाच हातानं फेकायचा. दोन हात लावायची मुभा फक्त गोल राखणारीला. पहिल्या दिवशी प्रमोदिनीच्या नाकातोंडात एवढं पाणी गेलं की रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी तलावावर हजर.

सराव भल्या पहाटे, पुरुष मंडळी यायच्या आत. आता शास्त्र्याची मुलगी पहाटे उठून रोज कुठं जाते, हे आत्याला काय सांगायचं? प्रमोदिनीनं एका वाक्यात भागवलं. "आत्या, मी कार्तिकस्नानाचं व्रत धरलंय."

आत्याचे डोळे भरून आले. पोरीला आपणहून व्रत सुचावं! तिनं आळीभर सांगितलं. रोज पहाटे स्वतः उठवायची, हातात खोबऱ्याची वाटी द्यायची आणि म्हणायची, "चांगल्या बुड्या मार ग, कंटाळा करू नको." प्रमोदिनीनं आत्याची ही आज्ञा कधी मोडली नाही.

एवढं असून तिचा एक दोष जात नव्हता. पोहायची माशासारखी, पण फेक कच्ची. ओला चेंडू ऐन वेळी पंज्यातून निसटायचा.

"काय करून राहिली तू?" मास्तर काठावरून ओरडायचे. "चेंडू हाये तो, देवाचा प्रसाद नाही! असा अलगद काहून देऊन राहिली तिले?"

पौर्णिमेला अकोल्याच्या मुलींशी सामना ठरला होता, त्यांच्याच नव्या तलावावर. संघाकडे चेंडू एकच, तो मास्तरांच्या कपाटात कुलपात. मग प्रमोदिनीनं नवमीच्या दुसऱ्या दिवशी, आत्या वाती वळत बसलेली पाहून, त्यातल्या त्यात लहान, डोक्याएवढा कोहळा उचलला आणि परसातल्या हौदात उतरली. कोहळा पाण्यावर काय सुरेख तरंगला! जड होता, गुळगुळीत होता, वरची पांढरी भुकटी भिजून हातभर चिकचिक. याला जो एका हातानं फेकील त्याला चेंडू म्हणजे बोर. तिनं धुण्याच्या दोरीवर गोणपाट टांगलं, पाय तळाला न लावता पाणी तुडवलं आणि फेकला. गोणपाटाला लागला, खाली गवतात पडला. पुन्हा आणला, पुन्हा फेकला. तिसऱ्या दिवशी तर आत्या देवळात गेली की अख्खा हौद तिचा.

चौथ्या दिवशी कोहळा गोणपाट सोडून धुण्याच्या दगडावर गेला. फटकन दोन भकलं झाली, बिया परसभर उडाल्या. आणि त्याच वेळी मागच्या दारात, हातात तुळशीपुढचं निरांजन घेऊन, पार्बताआत्या.

वऱ्हाडात काय, कुठंही, कोहळ्याला पहिला घाव बाईमाणसानं घालायचा नसतो. घरात पुरुष नसला तर बायका रस्त्यावरच्या माणसाला हाक मारतात, की बाबा, एवढं सुरीचं टोक लावून जा. कोहळा म्हणजे पोटचा पोर, असं मानतात. आणि घरातली सून दिवस भरत आलेली.

आत्या ओट्यावर बसली, निरांजन बाजूला ठेवलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "पमे, तुझी आई तिकडे अवघडलेली ग."

तेवढ्यात एक बी प्रमोदिनीच्या केसातून घरंगळून हौदात पडली. तिला रडू यायला लागलं.

संध्याकाळी हरिहरशास्त्री, म्हणजे प्रमोदिनीचे नाना, आले तेव्हा आत्यानं निकाल देऊनच ठेवला होता. "हरी, आजपासून हिचं पाणी बंद. घरात तांब्यानं आंघोळ. आणि तू प्रायश्चित्त सांग. साधंसुधं नको, भारी सांग."

नानांनी लेकीकडे पाहिलं. वेणी ओली, तळहात कोहळ्याच्या भुकटीनं पांढरे, नजर जमिनीवर. मग त्यांनी पंचांग उघडलं. कार्तिकस्नानाहून परतणाऱ्या मुलीच्या पिशवीत निळी हाफपँट का असते, हे नानांना फार आधीपासून माहीत होतं. धोबी त्यांच्याशी बोलत असे.

"भारीच आहे," नाना म्हणाले. "पौर्णिमेचं स्नान पाहिजे. गावाबाहेरच्या पाण्यात. दिशा पश्चिम."

"पश्चिमेला बडनेरा," आत्या म्हणाली.

"तिथं नीट पाणी नाही."

"मग मूर्तिजापूर."

"आणखी पुढे."

"अकोला?"

"अकोला चालेल," नानांनी विचार केल्यासारखं केलं. "सख्यांसमवेत जावं. आणि सख्या पाण्यात असतील तोवरच एका माळेएवढ्या बुड्या. साक्षीला घरचं वडील माणूस."

"कुठल्या शास्त्रात आहे हे?"

"जाड्या पोथीत."

आत्यानं खुंटीवरची आपली सत्तावीस मण्यांची माळ काढली. मग म्हणाली, "ठीक. साक्षीला मी. पण ऐकून ठेव पमे, माळ अपुरी राहिली तर त्या तलावाचं पुन्हा नाव काढायचं नाही. जन्मात नाही." आणि तुळशीला हात लावून तिनं ते पक्कं करून टाकलं. तिथं नानांचंही काही चाललं नसतं.

पौर्णिमेला गाडीत सात मुली, मास्तर आणि माळ घेतलेली आत्या. बडनेऱ्याला गाडी बदलताना आत्यानं गोल राखणाऱ्या भागीरथेला विचारलं, "तू कोणाची ग?"

"डोमाजीची. बाप रेल्वेत हाये माहा." भागीरथा हसली. "आत्याबाई, तुमची पमी लय पुण्यवान हाये. रोज एवढ्या बुड्या मारते, आमी मोजतच नाही."

आत्यानं विटाळ नको म्हणून पदर आवरून घेतला, थोडी खिडकीकडे सरकली, आणि तरीही विचारलं, "खरंच मारते?"

"मारते काय, मारवून घेते!"

अकोल्याच्या तलावावर प्रमोदिनी निळी हाफपँट, बंडी आणि हनुवटीखाली दोरी बांधलेली टोपी घालून आली तेव्हा आत्याच्या हातातली माळ गळून पडायची राहिली. पण प्रायश्चित्त सुरू झालेलं, मध्ये बोलायचं कसं? ती काठावर पाटासारख्या दगडावर बसली आणि चारच्या ठोक्याला शिटी वाजली.

प्रमोदिनीला मात्र दोन्हीकडून पेच. खेळताना बुड्या मारत बसली तर चेंडू जाणार, आणि चेंडूमागे लागली तर माळ अपुरी. ती मान वर ठेवून पोहत होती आणि काठावरून आत्या हाका मारत होती. "पमे, डोकं! डोकं खाली घाल ग!"

"डोकं वर!" मास्तर ओरडले.

"खाली!"

"आत्याबाई, तुमी शिकवून राहिल्या का मी?"

अकोल्याच्या संघात सुमन नावाची एक धिप्पाड मुलगी होती. तिला ही बारकी निळी टोपी सारखी आडवी यायला लागली तसं तिनं खांद्यावर पंजा ठेवून प्रमोदिनीला सरळ खाली दाबलं. काठावर एक मणी सरकला. प्रमोदिनी वर आली, पुन्हा खाली गेली, दुसरा. सुमनच्या हाताला चव लागली. पंचाचं लक्ष चेंडूकडे असेल तेव्हा ती दाबायची, आणि प्रमोदिनी ठसकत वर यायची ती हसत. सुमनला काही कळेना. बुडवलेली पोरगी परत आपल्याच हाताखाली का येऊन उभी राहते?

"दाब, बाई, दाब," आत्या काठावरून पुटपुटत होती. "देव तुझं भलं करो."

मास्तरांच्या ध्यानात वेगळंच आलं. हातात चेंडू नसलेलीला बुडवणं म्हणजे फाऊल. पंचानं ते पाहिलं की चेंडू आपला. मध्यंतरात त्यांनी प्रमोदिनीला जवळ बोलावलं. "जाय तू तिच्याजवळच. बुडवू दे तुले. फक्त पंचासमोर बुड."

त्यानंतर सुमनच्या फाऊलला शिटीवर शिटी वाजली. तीन-तीन अशी बरोबरी होती आणि खेळ संपत आला होता तेव्हा अकोल्याच्या गोलासमोर भागीरथेचा लांब फेकलेला चेंडू आला. प्रमोदिनी झेपावली, आणि सुमननं सवयीनं तिला दोन्ही हातांनी खाली दाबलं. यावेळी गोलासमोर, सगळ्यांच्या देखत. पंचानं चार यार्डांवर बोट दाखवलं. पेनल्टी. समोर फक्त गोल राखणारी.

प्रमोदिनीनं चेंडू पंज्यात घेतला. रबरी, हलका. कोहळ्याच्या मानानं पिसासारखा. तिनं हात वर नेला, आणि तेवढ्यात काठावरून, अख्ख्या तलावाला ऐकू जाईल असा आवाज आला.

"पमे! एक राहिली ग!"

खेळ याच फेकीवर संपणार होता. शिटी वाजली की ताबडतोब फेकायचं. फेकल्यावर गर्दी, आरडाओरडा, आणि मग पाण्याबाहेर. मेरूमण्याच्या अलीकडचा एक मणी आत्याच्या बोटांत अडकून राहिला होता, आणि त्या मण्यापलीकडे तलावाचा जन्मभराचा निरोप.

पंचाची शिटी ओठांवर होती. प्रमोदिनीनं चेंडू पाण्यावर धरून ठेवला आणि स्वतः खाली गेली. वर नुसता हात आणि चेंडू. अकोल्याची गोल राखणारी चकित होऊन मान लांब करून बघायला लागली, ही गेली कुठं? तिचे दोन्ही हात खाली आले. शिटी वाजली. प्रमोदिनी कंबरेपर्यंत पाण्याबाहेर उसळली आणि गोणपाटाला मारावा तसा चेंडू थेट जाळीत मारला.

पुढचा गलका कुणालाच नीट आठवत नाही. आत्या उभी राहिली होती एवढं खरं, आणि पाय घसरून तलावाच्या पायरीवर कंबरेएवढ्या पाण्यात गेली होती, आणि पडू नये म्हणून तिनं जो दंड घट्ट धरला होता तो भागीरथेचा होता. दोघी चिंब. भागीरथा तिला सावरत म्हणाली, "आत्याबाई, तुमचंबी स्नान झालं." आत्यानं दंड सोडला नाही. "माळ धर माझी," ती म्हणाली, "भिजली बघ सगळी."

रात्री गाडी अमरावतीला लागली तेव्हा नाना फलाटावर उभे होते. अचलपूरहून तार आली होती. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

आत्यानं डोळे मिटून हात जोडले. मग एकदम उघडले. "किती वाजता?"

"दुपारी चार-साडेचार."

आत्या वळली. प्रमोदिनी उजवा खांदा चोळत उभी होती, केस अजून ओले. आत्यानं तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग भावाकडे, जणू विचारत होती, सगळ्यांनी मिळून आपलं ऐकलं नसतं तर काय झालं असतं.

"तरी मी काठावरून ओरडत होते," ती म्हणाली, "की एक राहिली आहे."

आणि पिशवीतली ओली हाफपँट काढून तिनं स्टेशनावरच पिळायला घेतली. उद्या पहाटे पुन्हा लागणार होती.