हणमंताची कबुली

लष्करातल्या ड्रायव्हर हणमंतानं सतरा वर्षं ट्रक चालवला, पण लायसन्सवर शाईचा ठिपका पडू दिला नाही. चौऱ्याऐंशी सालचा उन्हाळा. पुढच्या महिन्यात पेन्शनीत निघायचं आणि कऱ्हाडच्या एसटी डेपोत हजर व्हायचं, सगळं ठरलेलं. डेपोच्या पत्रात अट होती : लायसन्सवर गुन्ह्याची नोंद नको. आणि नेमकी तेव्हाच त्याला अवदसा आठवली. जयपूरबाहेरच्या धरणावर दोस्तांनी निरोपाची रम पाजली आणि हा गडी मागून आणलेल्या स्कूटरवरून जयपूरला निघाला. वाटेत पोलिसांनी धरलं, डॉक्टरकडे नेऊन तपासलं. कुणाला खरचटलंही नव्हतं.

कोर्टाच्या आवारात वकिलानं परोपरीनं समजावलं, "पहली बार है. डॉक्टर की रिपोर्ट कच्ची है. मना कर दो, तारीख ले लेंगे."

पण हणमंताच्या अंगात पलटण मुरलेली. तिथं चूक झाली की टोपी काढून साहेबापुढे उभं राहायचं आणि मान्य करायचं. साहेब चार शिव्या घालतो, आठ दिवस जादा ड्युटी देतो, विषय संपतो. मॅजिस्ट्रेटपुढेही त्यानं टाचा जुळवल्या आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "कबूल है, साहब."

मॅजिस्ट्रेटनं शिव्या घातल्या नाहीत. मान वर न करता दंड लिहिला, सहा महिने लायसन्स काढून घेतलं. कारकुनानं त्यावर लाल शाईत गुन्हा नोंदवला.

संध्याकाळी क्वार्टरमध्ये त्याची बायको शालन ट्रंक भरायची थांबली. "सा म्हैन्यांनी परत देत्याल न्हवं?"

"लायसन देत्याल. नोंद ऱ्हाती."

"आवो, मग न्हाई का म्हणला न्हाईसा?"

"खोटं कसं बोलू?" तो म्हणाला. शालनला त्याचा रागही आला आणि कीवही आली. ती पदर तोंडाला लावून रडली.

तेवढ्यात लेक जयंतीनं गावाकडून आलेलं आजोबांचं पत्र आणलं. पोरगी हिंदी शाळेतली, अडखळत वाचू लागली, "तुझी पहिली गाडी गावात येईल... त्या दिवशी मी तुझ्या पाठी... पाठीमागच्या शिटावर बसणार. नवं धोतर आणून ठेवलंय." तिनं वर पाहिलं. "पप्पा, मतलब आजोबा आपल्या बसमध्ये बसणार?"

हणमंत उठला. इनलँड पत्र काढून लिहायला बसला. 'तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार' एवढं झालं. कोर्टात एका दमात बोललेला माणूस, पण बापापुढे त्याचा हात पुढे सरकेना. शालन दिवा लावायला आली, तेव्हाही कागदावर तेवढंच होतं.