पहाडीवर न गेलेला टेप

मी एक जुना टेप आहे, मित्रांनो. गाणी वाजवणारा नव्हे. झाडांचा घेर मोजणारा, कापडी, तीन मीटर लांबीचा. माझ्यावरचे आकडे आता पुसट झाले आहेत आणि एक टोक उंदरांनी कुरतडलं आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख वेगळंच आहे.

१९९९ साली नवेगाव बांधच्या बाजूला वनखात्याचं जंगलाचा नकाशा करायचं काम निघालं. कोणत्या भागात शंभर झाडांमागे साग किती आणि मोह किती, ते रंगांनी दाखवायचं होतं. साग जास्त तिथे हिरवा रंग, मोह जास्त तिथे पिवळा. सुकराम नावाचा मजूर मला छातीच्या उंचीवर झाडाभोवती गुंडाळायचा, झाडाचं नाव आणि आकडा मोठ्याने सांगायचा आणि वनखात्याचे साहेब ते वहीत उतरवायचे. पहिली दोन वर्षं आम्ही खरोखर राबलो. काटे लागले, मुंग्या चावल्या, पण खोटा आकडा मी कधी दिला नाही. मला स्वतःचा फार अभिमान होता.

मग मोहफुलं वेचणाऱ्या निर्मलाबाईंच्या गावामागची पहाडी आली. जीप नाल्यापाशी थांबली. ऊन मी म्हणत होतं. साहेबांनी नाल्याकाठच्या सागाच्या लागवडीकडे बोट दाखवलं.

"हेच मोज. पहाडीचं म्हणून लिहून टाकतो."

"साहेब, वरतं त मोहच मोह आहेत," सुकराम म्हणाला. "गावच्या बाया तिथंच फुलं येचतेत."

"तू मजूर आहेस की साहेब?"

सुकरामची रोजची हजेरी याच साहेबांच्या हातात होती. त्याने मला सागाला गुंडाळलं. आकडे सगळे खरे, जागा तेवढी खोटी. नकाशावर पहाडी गडद हिरवी झाली. नकाशा काचेत बसला, कार्यालयाच्या भिंतीवर लागला, साहेबांचा सत्कार झाला. टेबलावर मलाही मांडून ठेवलं होतं. पाहुण्यांनी कौतुक केलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२००८ साली त्या नकाशावरून हुकूम निघाला: पहाडीवर साग आहे, मधली इतर झाडं काढा, म्हणजे साग जोमाने वाढेल. निर्मलाबाई कार्यालयात आल्या. उन्हाळ्यात त्यांचं घर मोहफुलांवरच चालायचं.

"आमचे मोह काऊन तोडून राहिले?"

नव्या साहेबांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. "बाई, तिथं मोह नाहीतच. मग तोडणार काय?"

आठ दिवसांनी सुकराम मला पहाडीवर घेऊन गेला, पहिल्यांदाच. आडवे पडलेले मोह मोजायला. एकोणीस होते. त्यातल्या दोघांना तर मी पुरलोच नाही. निर्मलाबाई तिथेच उभ्या होत्या.

"सुकराम, तुले त मालूम होतं ना?"

सुकरामने मला पुढच्या आडव्या मोहाभोवती गुंडाळलं आणि आकडा सांगितला.

मित्रांनो, मला धुऊनपुसून जपा, असं सांगायला मी बसलेलो नाही. तो नकाशा अजून भिंतीवर आहे. दरवर्षी तुमच्या शाळेची सहल येते, तुम्ही तो वहीत उतरवून घेता आणि ती पहाडी हिरवी रंगवता. यंदा रंग भरण्याआधी एकदा वर चढा. एकोणीस खुंट अजून तिथे आहेत. ते मोजायला टेप लागत नाही.