पुसायचे काम भाऊंचे

माझ्या चौकटीच्या वरच्या बाजूला एक भोक आहे. खिळ्यासाठी पाडलेले. पाटीला खिळा कशाला, असे तुम्ही विचाराल, आणि ते बरोबरच आहे. मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी. ते भोक पडले तो दिवस घरातल्या सगळ्यांना आनंदाचा वाटला होता. मला नाही.

खाणीतून निघाले, तासले-घासले गेले, लाकडी चौकटीत बसले आणि बोरिवलीच्या बाजारातल्या एका दुकानात येऊन पडले. आमच्यातल्या बहुतेकींच्या नशिबी पोरांची थुंकी आणि सदऱ्याची बाही असते. मला मात्र पिकल्या मिशांच्या एका गृहस्थांनी उचलले. बोटाने टिचकी मारली, कान देऊन ऐकले.

"ही द्या. खणखणीत आहे."

"नातवासाठी का, मास्तर?" दुकानदाराने विचारले.

"सुनेसाठी."

दुकानदाराने पैसे मोजता मोजता मान वर केली. १९५४ साली सुनेसाठी पाटी घेणारा सासरा त्याने पाहिला नसावा.

हे भाऊ. शाळेत मराठी शिकवून नुकतेच घरी बसलेले. त्यांची सून सुनंदा हौशी आणि तोंडाळ. लग्न ठरले आणि तिची शाळा सुटली, याची चुटपुट तिच्यापेक्षा भाऊंना जास्त. म्हणून त्यांनी एक खेळ काढला. जेवणे झाली की जाडजूड शब्दकोश मांडीवर घ्यायचा, डोळे मिटायचे आणि उघडलेल्या पानावर बोट ठेवायचे. बोटाखाली येईल तो शब्द माझ्या माथ्यावर. त्यावर दिवेलागणीपर्यंत सुनंदाने चार ओळींची कविता करायची.

एकदा 'ओगराळे' निघाले. आमटी वाढायचा तो लांब दांड्याचा डाव. सुनंदाने भाऊंनाच चिमटा काढला. शेवटच्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत:

थोडी वाढा म्हणता म्हणता
पातेल्याचा तळही दिसतो.

भाऊंनी ती मोठ्याने दोनदा वाचली, खो खो हसले आणि ओले फडके घेऊन पुसून टाकली. पुसायचे काम भाऊंचे. डावीकडून उजवीकडे, जोर लावून, एकही पांढरी रेघ उरणार नाही असे.

"राहू द्या ना भाऊ आजच्या दिवस. यांना दाखवते."

"ठेवलीस तर उद्याही हिच्याकडेच बघत बसशील. पुसली की हात मोकळा. उद्या नवा शब्द."

त्या दिवसांत मी पाटी असल्याचा मला अभिमान वाटे.

मग एका सकाळी भाऊ विहिरीपाशी कोसळले. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. मान सारखी हलत राही. मराठीतला कुठलाही शब्द समजावून सांगणाऱ्या माणसाच्या घशातून नुसता 'आ, आ' असा आवाज निघे. डॉक्टरांनी औषधे दिली आणि बोलण्याबद्दल काही सांगायचे टाळले.

सुनंदाने खेळ सोडला नाही. स्वतःच डोळे मिटून बोट ठेवी, खाटेशी बसून कविता लिही, भाऊंना वाचून दाखवी आणि स्वतःच पुसून टाकी. तिच्या पुसण्यात जोर नव्हता, कालची अक्षरे आजच्या मागे दिसत राहत. भाऊ आढ्याकडे पाहत पडलेले असत. आपले शब्द त्यांच्यापर्यंत पोचतात की नाही, या एका काळजीने ती वाळत चालली होती.

"अगं, त्यांना कळत तरी असेल का?" तिचा नवरा श्यामसुंदर एकदा म्हणाला. "उगाच जीव आटवतेस."

"रोज विचारून बघते, एवढंच. एखाद्या दिवशी उत्तर देतील."

एके दिवशी शब्द निघाला 'निवळी'. माठाला आतून घासले की गढूळ पाणी निवळवणारी ती बी. सुनंदाने लिहिले:

गढूळ झाले पाणी, आई
माठी निवळी घासत राही;
शब्द आपुले तळास गेले,
वरचे पाणी बोलत नाही.

वाचताना तिचा आवाज फाटला. डोळे टिपून तिने फडके उचलले, तोच भाऊंचा डावा हात माझ्यावर आला. आजारपणात पहिल्यांदाच. तळवा माझ्यावर टेकला. 'आ, आ' असा आवाज निघाला.

"थांब, पुसू नकोस." श्यामसुंदर धावत आला. "त्यांना ही ठेवायची आहे."

सुनंदाला रडू कोसळले. तिने मला हळूच त्यांच्या हाताखालून काढून घेतले. भाऊंची मान जोरजोरात हलली. पण ती तर एरवीही हलायची.

मित्रांनो, तो हात माझ्यावर होता. तो डावीकडून उजवीकडे सरकत होता. मला कळले होते, आणि मला तोंड नव्हते.

चौकटीला भोक पडले. खिळा ठोकला गेला. भाऊंच्या खाटेसमोर मी भिंतीवर चढले. शेजारपाजारचे येऊन मला पाहून गेले, सुनेचे कौतुक करून गेले. भाऊंनी उत्तर दिले होते, आता आणखी काय विचारायचे, असे सुनंदाला वाटले असावे. शब्दकोश फळीवर गेला. भाऊ दिवसभर माझ्याकडे टक लावून पाहत. "बघा कसे मायेने बघतात," सगळे म्हणत. त्या नजरेत माया नव्हती. ते जेवेनासे झाले.

पावसाळ्यात भिंतीला ओल धरली आणि माझ्या खालच्या दोन ओळी पुसट झाल्या. सुनंदाचा जीव कासावीस झाला. अक्षरे पुन्हा गिरवावीत म्हणून तिने मला खाली काढले, भाऊंच्या उशाशी ठेवले आणि पेन्सिल शोधायला आत गेली.

भाऊंचा डावा हात हलला. उशाच्या तांब्यात बोटे बुडली, तांब्या कलंडला. ओला तळवा माझ्यावरून फिरला. डावीकडून उजवीकडे. पुन्हा. पुन्हा. धाप लागली तरी थांबले नाहीत.

सुनंदा परत आली तेव्हा मी काळीभोर, कोरी झाले होते.

"भाऊ, हे काय केलंत?" ती जवळजवळ ओरडलीच. मग तिची नजर त्यांच्या ओल्या हातावर गेली. "तेव्हाही पुसायचीच होती का हो तुम्हाला?"

भाऊंनी डोळे मिटले आणि डाव्या हाताचे बोट पुढे केले.

सुनंदा धावत गेली. शब्दकोश आणला, मधूनच उघडला आणि त्या बोटाखाली धरला.

भाऊ पुढे फार दिवस राहिले नाहीत, आणि बोलले तर कधीच नाहीत. पण राहिले तोवर रोज शब्द त्यांनीच काढला, आणि पुसायचे काम पुन्हा त्यांचे झाले. भिंतीवर गेलेले ते महिने मात्र परत आले नाहीत. सुनंदाला ते आजही खुपतात, मलाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला बोलता येत नसेल, तर त्याच्या मनातले परस्पर ठरवून टाकू नका. त्याचा हात कुठे जातो आहे, ते नीट पाहा. आणि माझ्यासारखी एखादी पाटी हाती आली, तर तिला जपा, पण भिंतीवर टांगू नका. तिच्यावर लिहा. जोर लावून पुसा. सुनंदा आता तसेच पुसते.